नांदत्या कंपनीची निरवानिरव

दिवाळी आली की वहीपूजनाची गडबड सुरू होते. नवी वही, तीवर श्री, हळदकुंकू, साळीच्या लाह्या. नव्या वहीचे कौतुक सगळ्यांनाच असते. जुनी वही नीट मिटवावी कशी याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. धंदा मांडावा कसा हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. देणेकरी कोणी नसताना, पदरी चार पैसे असताना, धंदा मोडावा कसा असे विचारून पाहा. मंडळी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून तुम्हांला गप्प बसवतील. आज हाच अशुभ वाटणारा विषय मी घेतला आहे, आणि त्याला कारण आहे बिलोलीहून आलेले एक पत्र.

पत्र लिहिणारे गृहस्थ साठी ओलांडलेले आहेत. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती मी पाळतो. मजकूर थोडक्यात असा. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस घालायचा तो सरकारी केंद्रावरच. २००२ च्या सुमारास ही पकड सुटली आणि खाजगी जिनिंगवाल्यांना मोकळीक मिळाली. त्या लाटेत यांच्या वडिलांनी २००४ साली बिलोली तालुक्यात रस्त्यालगत जमीन घेतली, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि रेचे बसवले. काही वर्षे बरी गेली. पुढे नांदेड-लातूरकडची शेते कपाशी सोडून सोयाबीनकडे वळली, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उरलीसुरली हौस फेडली, आणि रेच्यांना पुरेसा कापूस मिळेनासा झाला. वडील गेले. भावंडांनी शहाणपणा केला की तोटा साठण्याआधीच काम थांबवले, यंत्रे विकली, बँकेचे कर्ज फेडले, कामगारांचा हिशेब चुकता केला.

आता शिल्लक काय आहे ते पाहा. बँकेत ५० लाख रुपये, आणि ती जमीन. जमिनीची खरेदी २० लाखांची. वहीत आजही तोच आकडा आहे. समोरच्या बाजूला भागभांडवल ४० लाख आणि वर्षानुवर्षे साठलेला, वाटला न गेलेला नफा ३० लाख. देणे कोणाचेही नाही. भागधारक चौघे, दोन भाऊ आणि दोन बहिणी. निजामाबादचा एक व्यापारी त्या जमिनीला १ कोटी २० लाख द्यायला तयार आहे आणि पाडव्याच्या मुहूर्तावर इसार देतो म्हणतो. पत्रलेखकांचा बेत असा की इसार घ्यावा, कंपनीने जमीन विकून टाकावी, पैसे बँकेत जमा करावेत आणि मग सवडीने कंपनी बंद करावी. ते विचारतात, 'यात कर किती बसेल? आणि लिक्विडेशनशिवाय भागेल का? तो शब्द काढला की घरात रडारड होते.'

रडारडीचे मला नवल वाटत नाही. त्या भागाने लिक्विडेशन पाहिले आहे ते बुडीताचे. बिलोलीहून सीमा ओलांडली की तेलंगणात बोधन लागते. तिथला निजाम साखर कारखाना एकेकाळी साऱ्या हैदराबाद संस्थानाचा अभिमान होता. तो डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडला आणि २०१९ साली हैदराबादच्या न्यायाधिकरणाने तो चालवणारी कंपनी लिक्विडेशनमध्ये काढली. कामगार थकलेल्या पगारासाठी खेटे घालीत राहिले. नांदेडच्या उस्मानशाही मिलचीही कथा तशीच. आजारी गिरण्यांच्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारकडे गेली आणि पुढे तिचा भोंगा थांबला तो थांबलाच. सहकारी संस्था 'अवसायनात' निघाली म्हणजे ठेवी बुडाल्या, हेही आपण ऐकत आलो. तेव्हा या शब्दाला सुतकाचा वास आला तर दोष कोणाला द्यावा?

पण अवसायनाचे प्रकार दोन. एक दिवाळखोराचे, देणी अधिक, मालमत्ता कमी. दुसरे भरल्या घराचे. सगळ्यांची पै नि पै देऊन वर भागधारकांना वाटायला उरते. कायदा या दुसऱ्याला स्वेच्छेचे लिक्विडेशन म्हणतो. १९५६ च्या कंपनी कायद्यातही ते होते. १ एप्रिल २०१७ पासून ते २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या ५९ व्या कलमात जाऊन बसले. नांदत्या घराला दिवाळखोरीच्या पुस्तकात जागा मिळाली हा सरकारी विनोद, दुसरे काय! त्या पुस्तकाचे नाव पाहून घाबरू नये, एवढेच घरच्या मंडळींना सांगावे.

आता कराकडे वळू. कोर्टकचेऱ्यांत हा प्रश्न जुना आहे. कंपनी मिटताना भागधारकाच्या हातात पडणारा पैसा हा 'भांडवल परत आले' असा धरायचा, की 'उत्पन्न झाले' असा? १९२४ साली बरेल यांच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितले की कंपनी मिटली की सगळे भांडवलच. त्यात न वाटलेला नफा असला तरी तो लाभांश नव्हे. आपल्याकडे सरकारने ही फट कायद्यातच बुजवली. लाभांशाची व्याख्याच अशी केली की लिक्विडेशनच्या आधी कंपनीपाशी जेवढा नफा साठलेला असेल, तेवढ्यापुरती वाटणी लाभांश समजावी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे दुसऱ्या कलमात होते आणि त्याचे जोडकलम ४६ वे. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा, कलमांचे आकडे बदलले. तत्त्व तेच ठेवले.

तत्त्व तीन वाक्यांत सांगतो. पहिले, लिक्विडेशनच्या क्षणी साठलेला नफा भागधारकाच्या हाती आला की तो लाभांश, आणि १ एप्रिल २०२० पासून त्यावर भागधारकाला आपल्या उत्पन्नाच्या दराने कर. दुसरे, त्याहून जे अधिक मिळेल त्यातून शेअरची मूळ किंमत वजा करायची. उरला तो भांडवली नफा. बाजारात नोंद नसलेले शेअर २४ महिन्यांहून जुने असले तर २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर साडेबारा टक्के. तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेले. लिक्विडेशनमध्ये कंपनीने एखादी मालमत्ता न विकता तशीच भागधारकांना वाटून दिली, तर कंपनीच्या बाजूने ती विक्री समजली जात नाही. कंपनीला त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही.

या तीन वाक्यांचा अर्थ असा की जमीन तीच, भावंडे तीच, रक्कम तीच. पण आधी काय आणि मग काय, यावर कर बदलतो. पत्रातलेच आकडे घेऊन मांडणी करू. अधिभार आणि उपकर सोडून देतो आणि तूर्त चौघांनाही ३० टक्क्यांचा दर धरतो. पेन्सिल घेऊन बसावे.

पहिली वाट पत्रलेखकांची. कंपनीने आधी जमीन विकली. नफा १ कोटी, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कंपनीचा कर १२ लाख ५० हजार. उरलेले ८७ लाख ५० हजार साठलेल्या ३० लाखांत मिसळले. म्हणजे साठलेला नफा आता १ कोटी १७ लाख ५० हजार. हा सगळा पुढे लाभांश म्हणून हाती येणार; त्यावर ३० टक्क्यांनी ३५ लाख २५ हजार. भांडवलाचे ४० लाख परत मिळतात त्यावर काही नाही. एकूण कर ४७ लाख ७५ हजार.

दुसरी वाट. आधी लिक्विडेशनचा ठराव, आणि मग जमिनीची विक्री लिक्विडेटरच्या हातून. कंपनीचा कर तोच, १२ लाख ५० हजार. पण लिक्विडेशनच्या आधी साठलेला नफा होता ३० लाखच, म्हणून लाभांश तेवढाच. त्यावर ९ लाख. वाटणीची एकूण रक्कम १ कोटी ५७ लाख ५० हजार. तीतून लाभांशाचे ३० आणि शेअरच्या किमतीचे ४० लाख वजा जाता ८७ लाख ५० हजार हा भांडवली नफा. त्यावर साडेबारा टक्क्यांनी सुमारे १० लाख ९४ हजार. एकूण ३२ लाख ४४ हजारांच्या घरात. नुसते पुढचे पाऊल मागे आणि मागचे पुढे टाकले, तर १५ लाख ३१ हजार वाचले.

तिसरी वाट. लिक्विडेटरने जमीन विकलीच नाही. चौघांच्या नावे समाईक वाटून दिली आणि बँकेतली रक्कमही वाटली. कंपनीचा जमिनीवरचा कर शून्य. लाभांशावर ९ लाख. जमीन बाजारभावाने १ कोटी २० लाख धरून वाटणी १ कोटी ७० लाखांची. तीतून ३० आणि ४० लाख वजा जाता १ कोटीचा भांडवली नफा, कर १२ लाख ५० हजार. एकूण २१ लाख ५० हजार. शिवाय वाटणीच्या दिवशीचा बाजारभाव हीच भावंडांच्या दृष्टीने त्या जमिनीची खरेदी किंमत ठरते. पुढे तेवढ्यालाच विकली तर नफा नाही आणि करही नाही. पहिल्या वाटेशी तुलना करा. फरक २६ लाख २५ हजारांचा.

इथे कोणी टाळ्या वाजवू नयेत. तिसऱ्या वाटेवर एक नाका आहे. स्वेच्छेच्या लिक्विडेशनच्या नियमांत मालमत्ता तशीच वाटायची मुभा आहे ती, तिच्या विशिष्ट स्वरूपामुळे किंवा खास परिस्थितीमुळे ती सहज अथवा फायद्याने विकता येत नसेल तेव्हा. आणि तीही कंपनीच्या संमतीने. दाराशी गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे असताना 'विकता येत नाही' असे लिहायला कोणता प्रामाणिक लिक्विडेटर तयार होईल? ज्यांच्या जमिनीला खरोखरच अडचण आहे त्यांच्यासाठी ही वाट. मराठवाड्यात अशा जमिनी थोड्या नाहीत. निजामाच्या अमदानीतल्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामांच्या जमिनी १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्यातून आल्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लागलेले आहे. त्यांच्या हस्तांतराला परवानगी लागते, नजराणा लागतो. ही परवानगी वाटणीलाही चुकणार नाही, म्हणून सातबारा आधी वाचावा. पत्रलेखकांची जमीन वर्ग १ ची आहे आणि गिऱ्हाईक तयार आहे. त्यांची वाट दुसरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाडव्याच्या इसाराचे काय? तो कंपनीच्या नावाने आज घेतला, तर विक्रीचा व्यवहार ठरावाच्या आधीच सुरू झाला असे म्हणायला जागा होते, आणि सगळा फायदा वादात सापडतो. व्यापाऱ्याला सांगावे की सौदा कायम, पण कागद लिक्विडेटरच्या सहीने होईल. विक्री कोणत्या रीतीने करायची ते कंपनीने मंजूर करून द्यायचे असते, म्हणजे लिलावाचीच सक्ती नाही. सच्चा गिऱ्हाईक दोन महिने थांबतो. न थांबला, तर दुसरा मिळेपर्यंत वाट पाहण्याची किंमत १५ लाखांपेक्षा कमी आहे का, हे भावंडांनीच ठरवावे.

'लिक्विडेशनशिवाय भागेल का' याचे उत्तरही देतो. भागते. रजिस्ट्रारकडे अर्ज करून कंपनीचे नाव पटावरून खोडून घेता येते. २०१३ च्या कायद्याचे २४८ वे कलम त्यासाठीच आहे, आणि २०२३ पासून असे अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात निकालात निघू लागले. स्वस्त आणि सोपे. पण ती वाट रिकाम्या घरासाठी. आधी सगळे वाटून हात झाडावे लागतात, आणि जी सवलत वर सांगितली ती 'लिक्विडेशनमधल्या' वाटणीला आहे. नाव खोडणे म्हणजे लिक्विडेशन नव्हे. शिवाय चालत्या कंपनीने भांडवलाचे ४० लाख परत द्यायचे तर न्यायाधिकरणाचा वेगळा हुकूम लागतो. ज्यांच्या कंपनीत कपाट आणि रबरी शिक्का एवढेच उरले आहे, त्यांनी जरूर नाव खोडून घ्यावे. आणि 'राहू द्या, पडून राहील' ही चौथी वाट तर कोणीच धरू नये. वार्षिक पत्रके वेळेत न भरल्यास १ जुलै २०१८ पासून प्रत्येक पत्रकामागे दिवसाला १०० रुपये चढू लागले, आणि लागोपाठ तीन वर्षे पत्रके चुकली की संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ साली सरकारने अशा २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे आपणहून खोडली, तेव्हा कित्येक सज्जनांना आपण संचालक आहोत याची आठवण झाली.

पत्रात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी, एक ओळ आहे. 'बहिणींचे हक्कसोड करून घेण्याचा विचार आहे, म्हणजे कागदपत्रे सुटसुटीत होतील.' मला हीच ओळ सर्वांत मोठी वाटली. वडिलांचे शेअर वारसांत चौघांचे झाले आहेत. दिवाळीला भाऊबीज घालायची आणि पाडव्याला सही घ्यायची, हे बरे दिसत नाही हे तर झालेच; पण हिशेबानेही ते मूर्खपणाचे आहे. लाभांशाचे ३० लाख चौघांत वाटले तर प्रत्येकी साडेसात लाख. ज्या बहिणीला दुसरे उत्पन्न नाही, तिला २०२५-२६ च्या नव्या दरांनी या साडेसात लाखांवर साडेसतरा हजार रुपये कर बसतो. तीच रक्कम ३० टक्के दराच्या भावाच्या माथी आली तर सव्वादोन लाख. भांडवली नफ्यावरचा कर वेगळा, तो दोघांनाही सारखाच. बहिणीला डावलून भाऊ सरकारची भर करणार! शेअर चौघांच्या नावे आधी रीतसर चढवून घ्यावेत, आणि ठरावाच्या सभेला बहिणींना माहेरपणाचे नव्हे, भागधारकाचे बोलावणे जावे.

धाकट्या भावाचा मुलगा इंग्लंडात संगणकाची कामे एकट्याच्या कंपनीतून करतो आणि 'तिकडे फार सोपे आहे' म्हणतो, असेही पत्रात आहे. तिकडे बरेलच्या खटल्याची पुण्याई अजून पुरते आहे. कंपनी रीतसर मिटवली तर वाटणी भांडवलाची, आणि २००८ पासून धंदा मोडणाऱ्याला करात खास सवलत. पण ती आटत चालली आहे. आयुष्यभराची १ कोटी पौंडांची मर्यादा मार्च २०२० मध्ये १० लाखांवर आली. १० टक्क्यांचा दर ६ एप्रिल २०२५ पासून १४ आणि ६ एप्रिल २०२६ पासून १८ टक्के असा ठरला. वर २०१६ पासूनचा एक नियम असा की कर चुकवण्याच्या मुख्य हेतूने कंपनी मिटवून दोन वर्षांच्या आत तोच धंदा पुन्हा मांडला, तर मिळालेले सगळे लाभांश धरावे. त्या चिरंजीवांनी आजची कंपनी मोडून उद्या नवी काढण्याआधी हे वाचावे.

आता क्रम सांगतो; कात्री घेऊन कापून ठेवायला हरकत नाही. प्रथम वारसांची नोंद. मग संचालकांचे प्रतिज्ञापत्र, की आम्ही पूर्ण चौकशी केली, कंपनीचे देणे मालमत्तेतून फिटेल, आणि कोणाला फसवण्यासाठी हे करीत नाही. सोबत मागच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल. हे प्रतिज्ञापत्र खोटे ठरले तर शिक्षा आहे, म्हणून एखाद्या कामगाराची ग्रॅच्युइटी किंवा वीजबिलाचा वाद राहिला असेल तर तो आधी मिटवावा. चार आठवड्यांच्या आत विशेष ठराव आणि लिक्विडेटरची नेमणूक. तो दिवाळखोरी मंडळाकडे नोंदलेला व्यावसायिकच लागतो, घरचा मेहुणा चालत नाही. पाच दिवसांत जाहीर नोटीस, तीस दिवसांत दावे. प्राप्तिकर खात्याला वेळेत कळवावे. 'आमचे देणे नाही' असा खात्याचा दाखला आणण्याची गरज नाही, हे दिवाळखोरी मंडळाने १५ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. देणेकरी नसलेल्या कंपनीचे काम ९० दिवसांत आटोपावे असे २०२२ च्या नियमांनी म्हटले; सरकारी दिवस आपल्या दिवसांहून लांब असतात, हे धरून चालावे. शेवटी न्यायाधिकरणाचा विसर्जनाचा हुकूम.

हुकूम झाला म्हणून वह्या रद्दीत घालू नयेत. कंपनीकडून जुना कर वसूल झाला नाही तर प्रायव्हेट कंपनीच्या त्या काळच्या संचालकांना खाते धरू शकते. आपल्या हयगयीने वसुली बुडाली नाही हे त्यांनीच दाखवायचे असते. ते दाखवायला वह्याच लागतात. आणि लिक्विडेटरचे मानधन, मूल्यांकन, मुद्रांक हे खर्च आहेत. आधी अंदाज घ्यावा. वाचणारे १५ लाख त्याला पुरून उरतील.

तेव्हा बिलोलीच्या पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच. या पाडव्याला इसार घेऊ नका. चौघे भावंडे एकत्र बसा, सातबारा आणि ताळेबंद मध्ये ठेवा, आणि आधी ठरावाची तारीख पक्की करा. वडिलांनी धंदा उजळ माथ्याने मांडला. तुम्ही तो उजळ माथ्याने मिटवता आहात. त्यात रडण्यासारखे काही नाही. दिवाळी सगळ्यांना सुखाची जावो.